सुनेची गाडी

१० नोव्हेंबर २०२१, बुधवार

तेजस्विनी आज साडेआठला घरी आली. एस.टी.चा संप सुरू आहे, डेपोतून एक गाडी सुटत नाही. बपेऱ्याहून तिला काळीपिवळी जीप भेटली ती सिहोऱ्यापर्यंतच. तिथून पुढं धानाच्या ट्रॅक्टरवर बसून आली. केसांत सगळा भुसा. गुड्डी आईची वाट पाहून पाहून झोपली होती.

हे जेवत होते. हातातला घास तसाच ठेवला अन् म्हणाले, "आपण गाडी घेऊ. चारचाकी. जुनी पाहू, पण चांगली पाहू."

मी पोळी घेऊन उभी. "कोणासाठी?"

"पोरीसाठी. तीस किलोमीटर जाणं, तीस येणं. अशी लटकत कायले जाईन ते?"

पोरगी आम्हाला नाही. ही आमची सून. प्रितम आमचा एकुलता एक, तो पुण्याला कंपनीत. सुनेची नोकरी बपेऱ्याच्या आरोग्य उपकेंद्रात, नर्स आहे, म्हणून ती अन् नात इथं तुमसरला आमच्याजवळ राहतात. हे तिला पोरगी म्हणतात. मला छत्तीस वर्षांत "अवो" शिवाय काही म्हटलं नाही.

ही डायरी मिलवाल्या शेठनं मागच्या दिवाळीला दिली होती. वर्षभर कोरी पडली. अंगणवाडीची रजिस्टरं भरून भरून माझी बोटं वाकडी झाली, दुसऱ्यांच्या लेकरांची वजनं लिहिली, स्वतःबद्दल कधी एक ओळ नाही लिहिली. आज लिहिते. कोणाजवळ तरी बोलावंच लागेल, नाही तर मी घरात काही तरी बोलून बसीन.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन दिवस डोक्यात एकच गोष्ट आहे. लिहून टाकते.

जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. अर्धा स्टाफ तिकडं गेला अन् इकडं जागा रिकाम्या झाल्या. मी अंगणवाड्यांच्या मुख्यसेविकेची परीक्षा दिली अन् पास झाली. मोहाडीला माझ्या आईनं हातमाग थांबवून शेजाऱ्यांना पेढे वाटले होते. ऑर्डर आली सिहोऱ्याची. हे तेव्हा एस.टी.च्या तुमसर–बपेरा गाडीवर ड्रायव्हर होते. सकाळी सातची गाडी. सिहोरा रस्त्यावरच आहे. मला दुसरं काही करायचं नव्हतं, फक्त यांच्याच गाडीत बसायचं होतं.

तर हे म्हणाले, "बायको रोज माझ्या गाडीत चढन अन् उतरन, डेपोत लोक हसतीन. प्रितम लहान आहे. इथं काय वाईट आहे?"

मी ऑर्डर परत केली. अजूनपर्यंत सेविकाच आहे.

अन् आता सुनेला गाडी. स्वतःहून. तिनं मागितलीही नाही.

१४ नोव्हेंबर, रविवार

भंडारा रोडवर बाबुलालचं जुन्या गाड्यांचं दुकान आहे. हे अन् तेजस्विनी निघाले. मी पण चपला घातल्या.

"तू येऊन काय करशीन?" यांनी विचारलं.

"घरातली गाडी आहे ना? मग पाहीन."

गुड्डीला शेजारच्या आनंदाबाईकडं ठेवलं अन् गेली.

आठ-दहा गाड्या होत्या. गाडी पाहायची यांची तऱ्हा काही वेगळीच. आधी बोनेटवर हात ठेवला. "इंजन गरम काहून आहे, बाबुलाल? आमच्या यायच्या आधी चालू करून ठेवलं का?" बाबुलाल कान खाजवत राहिला. मग दारांच्या कडांवरून बोटं फिरवली. पत्र्यावर बोटाच्या गाठीनं टकटक करत सगळीकडून फिरले, एका जागी आवाज बद्द आला तर म्हणाले, "इथं पुट्टी भरली आहे. ठोकलेली गाडी आहे हे." टायरच्या खाचांत नख घातलं. इंजिनाचं तेल बोटावर घेऊन वास घेतला. बाबुलाल मला म्हणाला, "काकू, काका गाडी नाही पाहून राहिले, नाडी पाहून राहिले."

खरं सांगू? मला अभिमान वाटला. पण लगेच यांनी हाक मारली, "पोरी, मीटर वाच बरं. आरसीवर साल कोणतं आहे, पाय." प्रत्येक आकडा तिच्याकडून वाचून घेतला. मी बाजूलाच उभी होती. मला वाचता येत नाही का?

एक गाडी चालवून पाहायची ठरली. मला वाटलं, हे बसतील स्टेअरिंगवर. बत्तीस वर्षं एस.टी. चालवलेला माणूस. तर म्हणाले, "तुले चालवायची आहे, तूच चालव." तिच्याकडं लायसन आहे, माहेरी शिकली होती, पण सवय गेलेली. हे बाजूच्या सीटवर बसले अन् डोळे मिटून घेतले! "आता दुसरा टाक... क्लच पूरा दाब... आता तिसरा." इतका विश्वास. मी मागच्या सीटवर, रेक्झिनला धरून.

गाडी नापास झाली. क्लच गेलेला आहे म्हणाले.

१७ नोव्हेंबर, बुधवार

आज सकाळी चहा घेऊन यांच्या उजव्या बाजूला उभी राहिली. हे खुर्चीवर. मी उभी आहे, उभी आहे, यांनी मान फिरवली नाही. तेजस्विनी समोरून आली तशी लगेच, "काय पोरी, निघाली का?"

मी कप पुढं केला तर यांचा हात लागून सांडला. उलट मलाच, "सांगाव नाही का, बाजूले उभी आहो म्हणून?"

छत्तीस वर्षांच्या बायकोनं आता घोषणा करत यायचं.

दुसरंही पाहून ठेवलं आहे. यांची मोटारसायकल महिन्यापासून ताडपत्रीखाली आहे. विचारलं तर म्हणतात पेट्रोल महाग झालं. पेपर सकाळी तेजस्विनी वाचून दाखवते, हे ऐकतात. पायऱ्या उतरताना ती यांच्या कोपराला हात लावते. अंगणात दोघं हळू आवाजात बोलतात, मी गेली की गुड्डीचा विषय काढतात.

मी वाईट काही म्हणत नाही. सून गुणी आहे. पण या घरात मी एक माणूस आहे की नाही?

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

तेजस्विनीनं सुट्टी घेतली अन् दोघं जीपनं भंडाऱ्याला गेले. गाडी पाहायला म्हणे. मला या वेळी विचारलंच नाही, मी अंगणवाडीचा शिधा वाटायला गेली होती तेव्हा निघून गेले.

पाचला परत आले. यांच्या डोळ्यांवर काळा गॉगल! बासष्टाव्या वर्षी!

"हे काय?"

"ऊन लागून राहिलं होतं."

नोव्हेंबरात ऊन. बरं, म्हटलं, गाडी पाहिली का?

"पाहिली. नाही आवडली."

"कोणत्या रंगाची होती?"

हे म्हणाले, "पांढरी." अन् त्याच क्षणी ती म्हणाली, "निळी."

मग ती घाईनं म्हणाली, "दोन होत्या, आई." मी बाजारातून शिंगाडे आणले होते ते उकडून गुड्डीला सोलून दिले. बाकीचे झाकून ठेवले, कोणाला दिले नाहीत. असं वागणं मला शोभत नाही, पण वागली.

कुठं गेले असतील? मला एकच वाटतं, भंडाऱ्याला खोली पाहत असतील. गाडी आली की सून भंडाऱ्याला राहायला जाईल, हे तिच्या अन् नातीच्या मागं जातील, अन् मी इथं अंगणवाडीत दुसऱ्यांची लेकरं मोजत बसीन.

२१ नोव्हेंबर, रविवार

आज तिघंही भंडाऱ्याला. बाबुलालनं एक गाडी सुचवली होती, लाल रंगाची, मोठी. मालकाचं घर नदीकडच्या वस्तीत. गाडी मला पाहताक्षणी आवडली. आतून अत्तराचा वास, नवे सीट कव्हर, समोर गणपती. मी म्हटलं, "हीच घ्या."

यांनी दार उघडलं, आत डोकं घातलं अन् नाकानं दोनदा श्वास ओढला. मग सीटचा पट्टा धरून ओढायला लागले. ओढत गेले, ओढत गेले, पार शेवटपर्यंत. "पोरी, पट्ट्यावर डाग आहे का, पाय."

"आहे, बाबा. इथपर्यंत मातीचा डाग आहे. आडवी रेघच आहे."

यांनी सीटखाली हात घालून बोटं बाहेर काढली. बोटांना बारीक गाळ. मालकाला म्हणाले, "भाऊ, मागच्या साली पूर आला तेव्हा हे गाडी कुठं होती?"

मालक फडक्यानं आरसा पुसायला लागला.

मी तरीही म्हटलं, "एक वर्ष झालं त्याले. आता तं वाळली ना. चालू आहे, चांगली दिसते."

हे सगळ्यांसमोर म्हणाले, "तुले काय समजते त्यातलं? पाण्यात बुडलेली गाडी रस्त्यात कधीबी बंद पडते. पोरीले मधात जंगलात उभं ठेवू का?"

तुले काय समजते. मालकाची बायको दारात होती, तिनं पण ऐकलं. परत येताना जीपमध्ये मी खिडकीकडं तोंड करून बसली. अन् मनात काय आलं ते इथं लिहिते, कारण खरं लिहायचं ठरवलं आहे. मनात आलं, बंद पडली असती तर पडली असती. एक दिवस तिनंही उभं राहून पाहिलं असतं.

२८ नोव्हेंबर, रविवार

गाडी घेतली. सिहोऱ्याला.

यादोराव म्हणून रिटायर्ड मास्तर आहेत, यांच्या एस.टी.नं रोज जायचे, तेव्हाची ओळख. त्यांची राखाडी वॅगनआर, नऊ वर्षांची, एका हातची. गुडघ्यांमुळं आता त्यांना चालवता येत नाही. यांनी सगळी तपासणी केली, शेवटी बोनेटवर थाप मारून म्हणाले, "हे चालते."

यादोरावांची बायको सुशीलाबाई आत मला चहा करून देत होत्या. म्हणाल्या, "मास्तरांनी माझ्यापेक्षा गाडीले जास्त पुसलं. आता जाऊन राहिली तं मलेच रडू येऊन राहिलं." अन् खरंच पदरानं डोळे पुसले. मग विचारलं, "तुमी याआधी सिहोऱ्याले आल्या होत्या का?"

"नाही," म्हटलं. "येणार होती, पण राहून गेलं."

त्यांना काय कळणार. समोर अंगणवाडीची इमारत दिसत होती, निळा रंग दिलेली. मुख्यसेविका म्हणून मी तिथं किती वेळा आली असती, मोजत बसली.

नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. हळदकुंकू मी लावलं. मग यादोरावांनी चावी यांच्या हातात दिली. एकच चावी, दुसरी कधीचीच हरवली म्हणे. यांनी चावी घेतली, कपाळाला लावली अन् "धर पोरी" म्हणून तेजस्विनीच्या हातात ठेवली. तिचे डोळे भरले. ती माझ्या पाया पडली. मी "सुखी राहा" म्हटलं. तोंडानं म्हटलं.

येताना हे तिच्या बाजूला. मी मागं, नारळाच्या वाट्या मांडीवर घेऊन.

९ डिसेंबर, गुरुवार

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहायला रोज तेच होतं.

ती आता रोज गाडीनं जाते. पहिले चार दिवस हे तिच्यासोबत बपेऱ्यापर्यंत गेले, दिवसभर उपकेंद्राबाहेर लिंबाखाली बसले अन् सोबतच परत आले. दिवसभर! मी एकदा पोटातल्या गाठीसाठी नागपूरला आठ दिवस ॲडमिट होती, तेव्हा यांना ड्यूटी बदलून भेटत नव्हती.

संध्याकाळी साडेपाचला हॉर्न वाजतो. गुड्डी धावते. हे खुर्चीवरून उठतात अन् भिंतीला हात लावत लावत फाटकापर्यंत जातात. मग जेवताना सगळा रस्ता बोलून होतो. कुठल्या वळणावर बैलबंड्या उभ्या राहतात, कुठं पुलाचा कठडा तुटला आहे, तलावाच्या पाळीवर म्हशी कधी येतात. यांना सगळं पाठ आहे. ती बारीकसारीक विचारते अन् हे फुलून सांगतात. मी वरण वाढते.

आनंदाबाई म्हणाली, "कुसुमताई, सून तं साहेबीण झाली वो तुमची."

"झाली ना," म्हटलं.

रात्रीच्या जेवणाआधी रोज सातच्या सुमारास ती यांच्या खोलीत जाते, दार ओढून घेते. पाच मिनिटं. काल विचारलं, "काय असते रोज?" म्हणाली, "बाबांचं बीपी पाहते, आई." बीपीचं यंत्र तर कपाटात, माझ्या साड्यांखाली आहे.

आज प्रितमला फोन केला. "तुझ्या बापाले आता सूनच दिसते, बायको नाही दिसत," म्हटलं. तो हसला. "आई, तू तेजूवर जळून राहिली का?"

मी फोन ठेवला.

१४ डिसेंबर, मंगळवार

रात्री दवाखान्यातून आली. आज फक्त सकाळचं लिहिते.

सकाळी मी गाडीची चावी लपवली. खिळ्यावर लटकलेली असते. तेजस्विनी आंघोळीला गेली तेव्हा काढली अन् तांदळाच्या डब्यात, खाली खोल दाबून ठेवली. काहून? एक दिवस तिनं जुन्या दिवसांसारखं जावं म्हणून. एक दिवस या घरात गाडी नसावी म्हणून. यापेक्षा मोठं काही मनात नव्हतं.

मला माहीत नव्हतं की आज तिच्याकडं लसीकरणाचा कॅम्प आहे. लसीची पेटी घेऊन नऊच्या आत पोहोचायचं होतं. तिनं सगळं घर शोधलं. गुड्डीला विचारलं, ओट्याखाली बॅटरी मारली. मी भाजी चिरत होती. "नीट पाय, तिथंच असन," म्हटलं.

हे उठले. "थांब, चौकातून जीप पाहून आणतो." अंगणात जाऊन ताडपत्री ओढली अन् मोटारसायकल काढली.

तेजस्विनी अनवाणी धावली. "बाबा, नाही! तुमी नोका जाऊ! मी पायी जाते चौकात. आई, थांबवा ना त्याहिले!"

इतकी ओरडली की मला रागच आला. मी म्हटलं, "बत्तीस वर्षं एस.टी. चालवली त्या माणसानं. चौकापर्यंत नाही जाऊ शकत?"

मी हे म्हटलं. हेच शब्द.

हे गेले. दहा मिनिटांत बाबुलालचा फोन आला, तो तिथंच चहा पीत होता. डाव्या गल्लीतून टमाट्याचा हातठेला येत होता. बाबुलाल म्हणे, ठेलेवाला ओरडला, लोक ओरडले, काकांनी ब्रेकच नाही मारला. दिसलाच नाही जणू.

१५ डिसेंबर, बुधवार

मनगट मोडलं आहे, प्लास्टर घातलं. कपाळाला सात टाके. बरगड्यांना मुका मार. ठेलेवाल्याला काही लागलं नाही, देवाची कृपा.

काल दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "चक्कर आली होती का?" मी "नाही" म्हणणार, तर तेजस्विनी पुढं झाली. म्हणाली, "सर, त्यांना काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांच्या बाजूची नजर गेलेली आहे. फक्त समोरचं दिसते, तेही धूसर. भंडाऱ्याला दाखवलं आहे, थेंब सुरू आहेत."

मी बाकावर बसली.

भंडारा. गॉगल. पांढरी अन् निळी. सातला दार ओढून घेणं. एक एक आठवत गेलं अन् प्रत्येकाची लाज वाटत गेली. मी उजव्या बाजूला कप घेऊन उभी होती तेव्हा मी यांना दिसलीच नव्हती.

बाहेर व्हरांड्यात मी तिला विचारलं, "मले काहून नाही सांगतलं?"

"बाबांनी शपथ घातली होती, आई. मी नर्स आहो म्हणून मला आधी समजलं. ते उंबरठ्याले ठेचकाळत होते. मी पकडलं अन् जबरदस्ती नेलं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर येत नाही, आहे ते थेंबानं राहीन. मी रोज म्हणत होती, आईला सांगा. ते म्हणायचे, गाडीचं होऊ दे. घरात चालवणारं कोणी तयार होऊ दे, मग सांगतो."

घरात चालवणारं कोणी.

अन् हे लिहिताना सुद्धा मनाच्या एका कोपऱ्यात टोचतं आहे. आधी तिला समजलं. माझ्याआधी. कशी बाई आहे मी?

१७ डिसेंबर, शुक्रवार

यांना आज घरी आणलं. गाडीतूनच. यादोरावांनी तुमसरच्या एका कारागिराकडून दुसरी चावी बनवून घ्यायला सांगितलं होतं, पण गरज पडली नाही.

कारण आज सकाळी चावी खिळ्यावर होती.

मी डब्यात हात घालून पाहिलं. नव्हती. मी काढली नाही. चौदा तारखेच्या संध्याकाळी मी दवाखान्यात होती, घरी भात तेजस्विनीनं रांधला होता.

तीन दिवस झाले. तिनं एक शब्द काढला नाही. मला पोळ्या लाटताना पीठ भिजवून देते, "आई, तुमी थोडं पडा" म्हणते. माझ्याकडं तशीच पाहते जशी आधी पाहत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१९ डिसेंबर, रविवार

आज अंगणात ती गाडी धूत होती. मी जवळ गेली. म्हटलं, "चावी मी ठेवली होती."

ती फडकं पिळत राहिली. म्हणाली, "माहीत आहे."

"बाबाले सांगतलं?"

"नाही."

"काहून?"

"ते माझ्या तोंडून ऐकण्याची गोष्ट नाही, आई." मग थोड्या वेळानं, खाली पाहूनच, "मला राग आला होता. खूप आला होता. भात टाकताना चावी हाती लागली तेव्हा वाटलं होतं, दवाखान्यात येऊन सगळ्यांसमोर दाखवावी. पण तुमी तिथं बाबांचे पाय दाबून राहिल्या होत्या."

मी बादलीतलं पाणी बदलून आणून दिलं. दुसरं काही सुचलं नाही.

२२ डिसेंबर, बुधवार

यांना सांगितलं. दुपारी, ती ड्यूटीवर अन् गुड्डी आनंदाबाईकडं असताना. समोर बसली, अगदी समोर, दिसेल अशी.

सगळं सांगितलं. तांदळाचा डबा. "बत्तीस वर्षं एस.टी. चालवली" म्हटलं ते. लाल गाडीच्या दिवशी मनात आलं होतं ते पण. सिहोऱ्याची ऑर्डर पण काढली, म्हटलं, "मले एक सीट पाहिजे होती तुमच्या गाडीत. एक सीट. ते नाही देल्ली अन् तिले अख्खी गाडी देल्ली."

हे प्लास्टरवरून बोट फिरवत होते. मग म्हणाले, "तेव्हा मले लोकांची लाज वाटली. अन् आता तुझी वाटली. ड्रायव्हर माणूस आंधळा होऊन राहिला, हे बायकोले कोणत्या तोंडानं सांगू?"

"अन् सुनेले सांगतलं."

"सांगतलं नाही. तिनं पकडलं."

मला वाटलं आता संपलं. पण हे उठून भिंतीला धरत खोलीत गेले अन् आतून म्हणाले, "त्या ठेलेवाल्याचं काही झालं असतं तं, कुसुम?"

कुसुम म्हणाले. पण असं नको होतं.

त्यानंतर बोलले नाहीत. जेवले, ताट सरकवलं, गेले.

२४ डिसेंबर, शुक्रवार

अजून बोलत नाहीत. मी म्हटलेलं ऐकतात, हूं पण करत नाहीत. गुड्डीच्या तोंडून निरोप देतात. "आजीले सांग, पाणी पाहिजे." ती पाच फुटांवरून येऊन मला सांगते.

बोलावं असं मी काही केलंही नाही.

२५ डिसेंबर, शनिवार

तेजस्विनीला सोमवारपासून दोन दिवस भंडाऱ्याला ट्रेनिंग आहे. उद्याच गुड्डीला घेऊन मुक्कामी जाते, तिच्या मावशीकडं. म्हणाली, "थेंबांचं आनंदाबाईच्या पुतणीला सांगते, ती पण नर्स आहे, सातला येऊन टाकून जाईन."

"कायले?" म्हटलं. "मी टाकीन."

तिनं मला शिकवलं. बाटली कशी धरायची, खालची पापणी एका बोटानं कशी ओढायची, थेंब टाकून नाकाजवळच्या कोपऱ्यात कसं दाबून धरायचं. पाण्याचे थेंब माझ्याच डोळ्यात टाकून दाखवले. चारदा माझा डोळा मिटला.

मी विचारलं, "तुझ्या हातानं हे डोळा मिटतात का?"

"नाही, आई. एकदम उघडा ठेवतात."

बरं, म्हटलं. खरं तेच सांगितलं तिनं. लागलं थोडं.

२६ डिसेंबर, रविवार

त्या दोघी सकाळी गेल्या. मी फाटकात उभी होती. तिनं गाडी मागं घेतली, वळवली, काच खाली करून म्हणाली, "आई, सातला. विसरू नका."

दिवसभर घरात मी अन् हे. धान चुरायचा आवाज कुठून तरी येत होता तेवढाच.

पावणेसातला मी साबणानं हात धुतले. परत धुतले. यांच्या खोलीत गेली. समोरून गेली. म्हटलं, "थेंब."

मला वाटलं, नको म्हणतील. पुतणीला बोलव म्हणतील. हे खुर्चीत मागं रेलले अन् मान वर केली. गळ्याची हाडं दिसली. इतक्या वर्षांत मी या माणसाचे डोळे इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. तपकिरी आहेत. उजव्यात एक बारीक काळा ठिपका आहे.

पापणी ओढली. बाटली हलत होती. यांनी डोळा उघडा ठेवला. पापणी लवली नाही. मी दाबलं.

थेंब गालावर पडला अन् कानाकडं ओघळला.

मी तशीच उभी राहिली. चार दिवसांत पहिल्यांदा हे बोलले.

"बरोबर पडला," म्हणाले.

मी पदरानं यांचा गाल पुसला. "हलू नका," म्हटलं, अन् दुसरा टाकला.